जुन्या बुलेटचा प्रायमरी टेन्शनर अवेळी का झिजतो आणि नवा कसा टिकवावा

उजव्या बाजूला गिअर आणि डाव्या बाजूला ब्रेक असलेल्या चार गिअरच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेण्याचे काम डावीकडच्या बंद चेनकेसमधील दुहेरी प्रायमरी चेन करते. त्या चेनची खालची बाजू सैल पडून फडफडू नये म्हणून तिच्याखाली एक कमानदार पट्टी दाबून धरलेली असते, तोच टेन्शनर. मूळ पट्टी वर्षानुवर्षे टिकते, पण बाजारातून आणून बसवलेली बदली पट्टी एका उन्हाळ्यातच खाल्ली जाते, ही तक्रार जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील बुलेटवाल्यांच्या तोंडी असते आणि तिचे उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळते : ‘लोकल माल’.

या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. माझ्या स्वतःच्या ३५० सीसी गाडीत मी एकामागून एक अशा दोन पट्ट्या बसवल्या, दोन्ही चार-पाच हजार किलोमीटरमध्ये वरचा थर झिजून पाठीच्या पत्र्यापर्यंत गेल्या, आणि दोन्ही वेळा मी दुकानदाराला दोष देऊन मोकळा झालो. अखेर धुळ्यातील एका वयस्कर मिस्तरींनी गाडीकडे न पाहता आधी माझ्या हातातली झिजलेली पट्टी मागून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, “पट्टी सांगी राहिनी भाऊ, चेन ताणेल शे.” (पट्टीच सांगते आहे भाऊ, चेन ताणलेली आहे.) पुढे जे लिहिले आहे ते बव्हंशी त्या एका वाक्याचा विस्तार आहे : बदली पट्टी फेकून देण्याआधी ती वाचावी, आणि झिजण्याचे कारण सापडल्याखेरीज तिच्या जागी नवी बसवू नये.

पट्टीवर भार कुठून येतो

बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टने पक्का जोडलेला असतो. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये गिअरबॉक्स मागे सरकवून प्रायमरी चेन ताणता येत असे. बुलेटमध्ये ती सोय नाही. क्रँकवरील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील स्प्रॉकेट (दातेरी चाक) आणि क्लचवरील स्प्रॉकेट यांच्यातले अंतर कायमचे ठरलेले असल्यामुळे झिजून लांबलेल्या चेनची सगळी ढिलाई या एका पट्टीलाच सोसावी लागते.

तिचे काम किती कष्टाचे आहे हे साध्या हिशेबाने कळते. क्रँकच्या स्प्रॉकेटला २५ दात असतात आणि चेनच्या दोन पिनांमधील अंतर ३/८ इंच, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना चेन सेकंदाला जवळपास १२ मीटर वेगाने धावते, म्हणजेच तासाभरात सुमारे ४३ किलोमीटर चेन त्या वीतभरही लांब नसलेल्या पट्टीवरून सरकून जाते. तेलाच्या पातळ थराखेरीज त्या दोघांमध्ये काहीही नसते.

गाडी इंजिनाच्या जोरावर चालते तेव्हा चेनची वरची बाजू ताणलेली आणि खालची बाजू सैल असते, म्हणून टेन्शनर खाली ठेवलेला आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खालच्या गिअरमध्ये गाडी रोखली की हे उलटते : मागचे चाक क्लचमार्फत इंजिनाला फिरवू लागते, खालची बाजू ताठ होते आणि थेट पट्टीवर दाबली जाते. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना किंवा चांदसैली घाटात मागे माणूस बसवून येताना पट्टीवर हाच भार असतो. यावरून घाटात इंजिन ब्रेक वापरू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण तो वापरलाच पाहिजे. निष्कर्ष एवढाच की बोल्टने ताण लावायच्या या टेन्शनरला मागे सरकायला जागा नसते, म्हणून आधीच जास्त ताण दिला असेल तर उतारावरचा सगळा दाब पट्टीचा पृष्ठभागच खातो.

दुसरा भार उष्णतेचा असतो, आणि खान्देशात तो विसरून चालत नाही. केसिंग ॲल्युमिनिअमचे असते आणि चेन पोलादाची. तेवढ्याच तापमानवाढीत ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन स्प्रॉकेटांच्या केंद्रांत पाव मीटर अंतर धरले आणि दोन्ही भाग ६० अंशांनी तापले असे मानले, तर केसिंग चेनपेक्षा सुमारे ०.१६ मिलिमीटर जास्त लांबते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याच पाव मीटर लांबीच्या चेनला मध्यावर तीन मिलिमीटर वर आणि तीन मिलिमीटर खाली हलायला जी जादा लांबी लागते ती जेमतेम ०.०७ मिलिमीटर असते. म्हणजे थंड इंजिनावर बोटाला ‘थोडी टाइट’ लागलेली चेन तापल्यावर तबल्याच्या वादीसारखी ताणली जाते. डिसेंबरच्या पहाटे, पारा दहा अंशांच्या आसपास असताना गॅरेजमध्ये ताणलेली चेन मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४४ अंशांत तासभर पळवली की काय होते, ते पट्टीवर लिहिलेले सापडते.

झिजलेली पट्टी कशी वाचावी

पट्टी काढल्यावर पेट्रोलने धुण्याची घाई करू नये. चेनकेसच्या तळाशी साचलेला गाळ आधी पांढऱ्या कापडावर घ्यावा. तो काळा, बोटावर पिठासारखा पसरणारा असेल तर ती पट्टीच्या रबराची किंवा प्लास्टिकची भुकटी आहे. उन्हात धरल्यावर चमचमत असेल तर त्यात पोलादाचा चुरा आहे, म्हणजे चेनच्या पात्या पट्टीच्या पाठीच्या पत्र्यापर्यंत पोचल्या आहेत किंवा स्प्रॉकेटचे दात खाल्ले जात आहेत. वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरचा रोटर, म्हणजे फिरता भाग, याच केसमध्ये फिरतो आणि त्यात चुंबक असतात, त्यामुळे लोखंडी चुरा तिथे दाढीसारखा चिकटलेला दिसतो. तो पुसून काढावा, पण पुसण्याआधी किती आहे ते पाहून ठेवावे.

मग पट्टीच्या पृष्ठभागाकडे वळावे. चेनचे रोलर पट्टीला टेकत नाहीत. टेकतात त्या कड्यांच्या दोन्ही बाजूंच्या पात्या. म्हणून निरोगी झीज म्हणजे पट्टीच्या बहुतेक लांबीवर सारख्या खोलीचे समांतर ओरखडे. त्यापेक्षा वेगळे काही दिसले की कारण शोधावे.

ओरखडे फक्त मधोमध खोल आणि दोन्ही टोके कोरी असतील, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे चेन अति ताणलेली होती. दुसरी म्हणजे पट्टीची कमान मुळातच जास्त वाकडी होती, त्यामुळे सगळा भार मधल्या दीड-दोन सेंटिमीटरवर आला. बदली पट्ट्यांमध्ये ही दुसरी चूक पुष्कळदा आढळते, कारण कमान हा डोळ्यांनी न कळणारा आणि साच्यात सहज चुकणारा भाग आहे. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी जुनी मूळ पट्टी जपून ठेवलेली असेल तर ती आणि बदली पट्टी पाठीला पाठ लावून पाहावी. मूळ पट्टी नसेल तर जाड पुठ्ठ्यावर कमान रेखून घ्यावी आणि नवी घेताना तो पुठ्ठा दुकानात सोबत न्यावा. दुकानदार हसतो, त्याला हसू द्यावे.

याउलट फक्त टोके खाल्ली गेली असतील तर कमान जास्त सपाट आहे. चेन ज्या टोकाकडून पट्टीवर येते ते टोक तुटलेले किंवा त्याचे टवके उडालेले असतील तर त्या कडेला उतार दिलेला नव्हता, आणि प्रत्येक कडी तिथे ठोकर मारत आत शिरत होती.

एका बाजूचे ओरखडे दुसऱ्या बाजूपेक्षा खोल असणे हे मला सर्वांत महत्त्वाचे चिन्ह वाटते, कारण त्याचा संबंध पट्टीच्या दर्जाशी जवळजवळ नसतो. अशा वेळी क्लचचा ड्रम हाताने धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवून पाहावा. त्याचे बेअरिंग ढिले झाले असेल तर ड्रम डुलतो आणि चेन पट्टीवर तिरकी चालते. त्यानंतर दोन्ही स्प्रॉकेटांच्या सपाट बाजूंवर पोलादी पट्टी आडवी धरून ती एका रेषेत आहेत का ते तपासावे. ही रेषा चुकलेली असताना कितीही महाग पट्टी बसवली तरी ती त्याच बाजूने जाणार.

रबर पाठीच्या पत्र्यापासून सालीसारखे सुटले असेल तर दोष चिकटवण्याचा आहे, आणि तिथे दुकानदाराशी भांडायला हरकत नाही. रबर फुगून मऊ, चिकट झाले असेल तर ते तेल सोसणाऱ्या जातीचे नव्हते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, नायट्राइल रबर टिकते. पण बाहेरून दोन्ही काळीच दिसतात.

पट्टी वाचून झाली की चेन मोजावी, कारण ताणून झिजलेली चेन ठेवून नवी पट्टी बसवणे हे पैसे वाया घालवण्याचे सर्वांत प्रचलित कारण आहे. वरची बाजू ताठ करून १६ कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत घ्यावी. नव्या चेनमध्ये ती १५२.४ मिलिमीटर भरते; १५३.९ मिलिमीटरपर्यंत गेली असेल तर चेन एक टक्का लांबली आहे, आणि अंतर न बदलणाऱ्या या रचनेत ती बदललेलीच बरी. चेन एकसारखी झिजत नाही, म्हणून हे माप तीन-चार जागी घ्यावे. चेनला जोडकडी नसते, त्यामुळे ती बदलताना क्लच आणि इंजिनाचे स्प्रॉकेट चेनसकट एकत्र बाहेर काढावे लागते. हे काम स्प्रॉकेट खेचून काढण्याच्या योग्य हत्याराशिवाय (पुलर), हातोडीने करू नये.

दुकानातून पट्टी घेताना

बाजारात पोलादी पाठीवर रबराचा थर दिलेल्या आणि कडक प्लास्टिकच्या, अशा दोन्ही प्रकारच्या पट्ट्या मिळतात. खोक्यावरचा छाप पाहून निर्णय करू नये, कारण खोके छापणे पट्टी बनवण्यापेक्षा सोपे असते. पट्टीचे भोक ज्या पिनवर बसते ती पिन शक्य असेल तर सोबत न्यावी आणि पट्टी तिच्यावर बसवून बाजूने हलवून पाहावी. दुकानातच डुलणारी पट्टी गाडीत पहिल्या दिवसापासून तिरकी झिजते. कडेला साच्याची धारदार रेघ राहिली असेल तर ती बारीक कानशीने काढता येते, तेवढ्यासाठी पट्टी नाकारू नये. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर मात्र नाकारावी.

घरी आणल्यावर लगेच बसवण्यापेक्षा दोन दिवसांची एक चाचणी करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. व्हर्निअरने पट्टीची जाडी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवावी, मग जे तेल चेनकेसमध्ये घालणार आहोत त्याच तेलात ती काचेच्या बरणीत बुडवून ठेवावी आणि बरणी दिवसा गच्चीवर उन्हात ठेवावी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यातल्या पत्र्यावर यासाठी वेगळी शेगडी लागत नाही. दोन दिवसांनी पुसून पुन्हा मोजावे. जाडी स्पष्टपणे वाढली असेल, नख रुतत असेल किंवा रबराची कड पाठीपासून उचलली जात असेल, तर ती पट्टी गाडीत जाण्याच्या लायकीची नाही, आणि हे कळायला इंजिन उघडावे लागले नाही एवढाच फायदा.

बसवणे आणि ताण लावणे

इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर काम करावे. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी, कारण आल्टरनेटरच्या तारा याच केसमध्ये येतात. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल काढून खाली पसरट भांडे ठेवावे आणि मगच बाहेरच्या कव्हरचा मधला एकमेव नट सोडवावा. कव्हर हलताच आतले तेल खाली येते. कव्हर निघत नसेल तर त्याच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, रबरी हातोडीने हलके ठोकावे. कडेला पडलेली एक चीर पुढे आयुष्यभर गळते.

आतली जागा स्वच्छ केल्यावर पट्टी पिनवर बसवावी, ती बोटाने सहज वर-खाली होते आणि कुठेही अडकत नाही याची खात्री करावी, आणि चेनला टेकणाऱ्या पृष्ठभागावर थोडे तेल लावावे. कोरड्या पट्टीवर पहिली किक मारली की पहिल्या काही मिनिटांतच बरीच झीज होऊन जाते.

ताण लावण्यासाठी स्पार्क प्लग काढून ठेवावा, म्हणजे इंजिन हाताने फिरवता येते. लॉक नट सैल करून समायोजनाचा बोल्ट थोडाथोडा फिरवावा आणि प्रत्येक वेळी चेनच्या वरच्या बाजूचा मध्य बोटाने वर-खाली हलवून पाहावा. एकूण हालचाल सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच हवी. इथेच बहुतेक चूक होते : चेन जिथे योगायोगाने थांबली तिथेच माप घेतले जाते. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हळूहळू फिरवत चेनची सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि ६ मिलिमीटरचे माप त्या घट्ट जागेवर ठेवावे, मग इतर ठिकाणी ती जास्त हलली तरी चालेल. सैल जागेवर माप ठेवले तर प्रत्येक फेऱ्यात घट्ट जागा पट्टीला हिसका देते. घट्ट आणि सैल जागेतला फरक फार मोठा असेल तर चेन किंवा स्प्रॉकेट संपले आहे असे समजावे आणि ताणाशी झुंजत बसू नये.

लॉक नट आवळताना बोल्ट सोबत फिरतो, म्हणून बोल्ट एका पान्याने धरूनच नट आवळावा आणि त्यानंतर माप पुन्हा तपासावे. हे पुन्हा तपासणे मी स्वतः एकदा टाळले होते आणि सगळे कव्हर परत उघडावे लागले होते. कामासाठी स्टेटर (आल्टरनेटरचा स्थिर भाग) काढला असेल तर बसवताना रोटर आणि स्टेटर यांच्यात चहूबाजूंनी किमान ०.२ मिलिमीटर फट आहे हे फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावे.

कव्हरचे रबरी सील फुगलेले किंवा चपटे झालेले असेल तर नवे घालावे. तेल गळते म्हणून मधला नट जोर लावून आवळत राहण्याची सवय वाईट आहे, कारण त्याने कव्हर मध्यभागी दबते आणि कडा उलट उघडतात.

तेलाबद्दल थोडे

या जुन्या इंजिनात चेनकेसचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते, आणि म्हणूनच ते विसरले जाते. गाडी सरळ उभी करून लेव्हलच्या स्क्रूमधून तेल ओघळू लागेपर्यंत भरावे, त्याहून जास्त नाही. क्लच याच तेलात फिरत असल्यामुळे कारसाठीचे, घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले तेल घालू नये. मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठीचे, जासो एमए खूण असलेले तेल घ्यावे. तेल कमी पडले की चेनची खालची बाजू तेलात बुडत नाही, आणि मग पट्टी कोणत्याही कंपनीची असली तरी सारखीच जळते. सील गेल्यामुळे महिनोन्‌महिने थेंब-थेंब गळणाऱ्या गाड्यांत पट्टी लवकर का जाते, याचे उत्तर पार्किंगच्या फरशीवरच्या डागात असते.

स्वयंचलित टेन्शनर असलेल्या गाड्या

२००९ साली आलेल्या क्लासिकसारख्या, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या आणि प्रायमरी चेनवर चालणाऱ्या गाड्यांत टेन्शनर आपोआप ताण घेतो, त्यामुळे वर सांगितलेले ६ मिलिमीटरचे समायोजन तिथे लागू नाही. पण पट्टी वाचण्याचे, चेन मोजण्याचे आणि तेलातल्या चाचणीचे भाग तसेच्या तसे लागू पडतात. एक फरक गंभीर आहे : या गाड्यांत चेन, क्लच आणि इंजिन यांचे तेल एकच असते, म्हणजे पट्टीची भुकटी आणि चेनने खरवडलेला पत्रा थेट इंजिनाच्या तेलात फिरतो. म्हणून पट्टी पत्र्यापर्यंत गेलेली सापडली तर तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये, जुना फिल्टर कापून आत चकाकी आहे का ते पाहावे, आणि नवे तेलही पहिल्या ५०० किलोमीटरनंतर काढून तपासावे.

जुन्या बुलेटमध्येही तपासणीचा पहिला टप्पा तोच, ५०० किलोमीटरचा ठेवावा. नवी पट्टी सुरुवातीला थोडी बसते आणि ताण किंचित उतरतो, हे स्वाभाविक आहे. इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, चेनकेसचे तपासणीचे झाकण काढून बोटाने चेन हलवून पाहावी. हालचाल ८-९ मिलिमीटरपर्यंत वाढली असेल तर एकदा समायोजन करावे. त्याच बोटाला लागलेले तेल अंगठ्याने चोळावे. पहिल्या तपासणीत थोडा काळपटपणा दिसणारच, पण बोटाला खर लागली तर पुढच्या रविवारची वाट न पाहता कव्हर उघडावे.